लवू शाकारी आणि खाली आलेलं घरटं

फार फार वर्षांमागची गोष्ट. कातळखोलच्या देवळापुढच्या आंब्याला तेव्हा शेंडा होता.

त्या गावात लवू नावाचा शाकारी राहायचा. शाकारी म्हणजे पावसाळ्याआधी घरावरचे नळे, म्हणजे मातीची कौलं, उतरवून, झाडून, फुटके बदलून पुन्हा बसवणारा. लवू एकदा छपरावर चढला की गावातलं शेवटचं घर झाल्यावरच खाली उतरायचा, असं म्हणतात. या आढ्यावरून त्या आढ्यावर जायचा, खालून फेकलेली भाकरी वरच झेलायचा, आणि कुणाच्या चुलीवर कुणाची कोंबडी शिजतेय ते वासावरून सांगायचा. त्यामुळे गावातले कोंबडीचोर त्याला फार मान देत.

काम झालं की तो मालकाला घरात आ करून उभं करायचा आणि छपरावर घागर ओतायचा. तोंडात थेंब पडला तर सगळं पुन्हा. अंताजी गावकर म्हणजे गावचा पुढारी, मिशीला पीळ देणारा माणूस, पण वर्षातून एकदा तोही मुकाट्यानं आ करायचा.

गळणारं घर गावात एकच, ते लवूचं. त्याची बायको द्वारका पाऊसभर पातेली मांडत फिरायची. पातेली भरली की तांबे, तांबे भरले की वाट्या. कारण गाव आळशी. ऊन आहे तोवर कुणाला शाकारणी आठवायची नाही, आणि आभाळ काळवंडलं की सगळे मिळून लवूचं धोतर चारी बाजूंनी ओढायचे. तो आपल्या घरी पोचायचा तेव्हा पाऊस त्याच्याआधी आत जाऊन बसलेला असायचा.

एका वैशाखात द्वारकेनं भाकरी थापता थापता सांगून टाकलं, "यंदा माझ्या चुलीत थेंब पडला, तर मी माहेरी जाते. कायमची. मग करा संसार गावाच्या आढ्यांशी."

ती हळू बोलली, म्हणून लवू घाबरला. ओरडली असती तर सवयीचं होतं.

आता गाव पावसाचा अंदाज कावळ्यावरून घ्यायचं. देवळापुढच्या आंब्यावर कावळ्यानं घरटं शेंड्याला बांधलं तर पाऊस शहाण्यासारखा येणार, खालच्या बेचक्यात बांधलं तर वादळ. त्या वर्षी घरटं थेट शेंड्यावर. गाव पाय पसरून बसलं. लवू दारोदार फिरला, आत्ताच करून घ्या म्हणाला. लोकांनी बोट वर करून त्याला घरटं दाखवलं.

मग एका दुपारी, गाव जेवून घोरत असताना, लवू आंब्यावर चढला. त्या झाडाची काडी हलवलेलीही देवाला चालत नाही, असा नेम होता. सापडला असता तर गावाबाहेरच. पण त्यानं घरटं पिलांसकट उचललं, खालच्या बेचक्यात आणलं आणि काथ्यानं घट्ट बांधलं. तोवर कावळ्यांनी त्याचं डोकं पार सोलून काढलं. शेंडीसुद्धा ठेवली नाही, असं म्हणतात. संध्याकाळी लोकांनी विचारलं तर म्हणाला, केस उष्णतेनं गेले.

पण त्याच्या डोक्याकडे बघायला वेळ कुणाला होता? घरटं खाली आलेलं बघून गावाची पाचावर धारण बसली. ऐन उन्हात शाकारणी सुरू झाली. नळे उतरले, वासे बदलले, पडव्यांना पावसाचा मारा अडवणारी झावळ्यांची झड बांधून झाली, लाकडं माळ्यावर गेली. घराघरांतून मालक आ करून उभे राहिले. आणि लग्नानंतर पहिल्यांदाच लवू आभाळ कोरडं असताना आपल्या छपरावर चढला. सगळे नळे उतरवून त्यानं अंगणात रचले.

नेमका त्याच दिवशी अंताजी गावकर आंब्याखाली विडी ओढायला बसला आणि त्यानं मान वर केली. कावळा घरटं बांधतो, पण काथ्याची गाठ मारत नाही. सगळं गाव लवूच्या अंगणात जमलं.

"लवू, ही गाठ कुणाची?" गावकरानं विचारलं.

उघड्या वाशांवर बसलेला लवू म्हणाला, "माझीच. कावळ्याला एवढी चांगली येत नाही."

कुणी हसलं नाही. गावकरानं सांगितलं, याच्या हातात कुणी नळा द्यायचा नाही, उद्या यानं गाव सोडायचं.  द्वारकेनं आत जाऊन गाठोडं बांधायला घेतलं.

तेवढ्यात समुद्राकडून अंधार आला. लोक आपापल्या घरी पळाले. वाऱ्यानं अंगणातले नळे पत्रावळींसारखे उडवले. लवू वाशांवर पालथा पडला आणि पावसापासून चूल वाचवायला त्यानं वरून आपलं अंग धरलं, पण एका माणसाचं अंग ते केवढं! मग कडाड् आवाज झाला. आंब्याचा शेंडा मोडून देवळावरून पलीकडे गेला. खालच्या बेचक्यातलं घरटं मात्र काथ्यावर हललंसुद्धा नाही.

आणि मग कावळे आले, असं म्हणतात. आधी दोनच, ज्यांनी त्याचं डोकं सोललं होतं ते. मग गावातले सगळे. वाशावाशावर बसले आणि पंखावर पंख टाकून त्यांनी अख्खं घर शाकारलं. अंगणात गुडघाभर पाणी झालं, घरात थेंब नाही.

वारा पडल्यावर द्वारकेनं चुलीत हात घातला. राख कोरडी. तिनं गाठोडं सोडलं, त्यातलं पातेलं काढून चुलीवर ठेवलं आणि वर बघून म्हणाली, "उतरा आता. त्यांनाही जेवायला बोलवा."

सकाळी गावकर आंब्याखाली गेला. वर शेंडा नव्हता. खाली बेचक्यात पिलं आ करून बसली होती. तो तसाच घरी गेला, आपल्या छपराचा एक नळा काढला आणि लवूच्या घराकडे निघाला. मागोमाग गाव, प्रत्येकाच्या हातात एक नळा.

लवूला वादळ कळलं होतं की नुसती बायको कळली होती, यावर कातळखोलात अजून दोन तट आहेत.

लवूचं घर आता रिकामं आहे, पण गळत नाही. आजही वैशाखात दर घरामागे एक नळा आधी तिथं चढतो. त्याच्या आढ्यावर द्वारकेच्या नावानं भाताची मूद ठेवतात. कावळ्यानं ती खाल्ली की मगच गाव आपल्या छपराला हात लावतं. जो थांबत नाही, त्याच्या डोक्याचा समाचार कावळे घेतात, असं म्हणतात. कातळखोलात टकलं बरीच आहेत. विचारलं तर सगळे उष्णतेनं गेले म्हणून सांगतात.