माळ लागेना, घर सापडेना

मोठ्ठ्या शहरात एक उंच इमारत. इमारतीत एक गॅलरी. गॅलरीत तुळशीची कुंडी. आणि कुंडीमागे कोण?

ठिपकी. एवढीशी उंदरी. कानावर एक काळा ठिपका.

दिवाळी आली. शहरभर दिवेच दिवे. समोरची इमारत निळी निळी. रस्त्यावरची कमान सोनेरी. झाडांच्या बुंध्यांनासुद्धा दिवे गुंडाळलेले. ठिपकी बघतच बसली.

आई म्हणाली, "मी शेजारून शेवेचा चुरा घेऊन येते. तू इथेच थांब हं."

"आणि तू घर चुकलीस तर?"

"कशी चुकेन? आपल्या इमारतीत सगळ्यांच्या माळा पिवळ्या. लाल-हिरवी फक्त आपली."

आई गेली. लाल-हिरवी माळ लुकलुकली. लुक लुक, लुक लुक.

आणि... फुस्स.

माळ विझली. आता आईला घर सापडणार कसं?

ठिपकी तुरुतुरु तुरुतुरु कठड्यावर चढली. माळेच्या टोकाला एक लाल दिवा लटपटत होता.

"लाल दिव्या, लाल दिव्या, माळ लागेना, आईला घर सापडेना. तू नीट बस ना."

लाल दिवा म्हणाला, "मी सैल झालोय. एक सैल, तर सगळे बंद. आमचं असंच असतं."

"मी आवळू?"

"तू? दातांनी? नको गं बाई. वहिनीला बोलाव."

रेवतीवहिनी घरात नवी होती. ती कंदिलाला झिरमिळ्या चिकटवत होती. ठिपकी तुरुतुरु तुरुतुरु गेली.

"वहिनी, वहिनी, दिवा बसेना, माळ लागेना, आईला घर सापडेना. तू दिवा आवळ ना."

वहिनीने आधी दोन्ही पाय वर घेतले. मग म्हणाली, "वायर तूच कुरतडली असशील."

"नाही गं."

"कशावरून?"

ठिपकी गप्प.

"बरं, बघते. पण स्टूल डुगडुगतं. स्टूल टेकलं, तर चढते."

ठिपकी तुरुतुरु तुरुतुरु स्टुलाकडे गेली. स्टूल आपलं डुगडुग डुगडुग.

"स्टुला, स्टुला, वहिनी चढेना, दिवा बसेना, माळ लागेना, आईला घर सापडेना. तू नीट टेक ना."

स्टूल म्हणालं, "जवळ येऊ नकोस. माझा पाय कुरतडशील."

"नाही रे."

"कशावरून?"

ठिपकी गप्प.

"माझा एक पाय आखूड आहे. खाली कागदाची घडी आली, तर टेकेन."

ठिपकी तुरुतुरु तुरुतुरु स्वयंपाकघरात गेली. तिथे गॅलरीच्या दाराशीच एक कागद होता. कागदावर होता चकलीचा डबा.

"कागदा, कागदा, स्टूल टेकेना, वहिनी चढेना, दिवा बसेना, माळ लागेना, आईला घर सापडेना. तू नीघ ना."

कागद म्हणाला, "तुमच्या बिळात गाद्या कशाच्या आहेत, ठाऊक आहे मला. मलाही फाडून नेशील."

"नाही रे."

"कशावरून?"

ठिपकी गप्प.

"माझ्यावर डबा बसलाय. डबा हलला, तर निघेन."

"डब्या, डब्या, कागद निघेना, स्टूल टेकेना, वहिनी चढेना, दिवा बसेना, माळ लागेना, आईला घर सापडेना. तू हल ना."

डबा म्हणाला, "झाकणाची फट शोधतेस होय?"

"नाही रे."

"कशावरून?"

ठिपकी गप्प.

"माझ्यावर बोका बसलाय. बोका उठला, तर हलेन."

ठिपकीने वर पाहिलं. बाप रे. बोका. हा एवढा. एक डोळा मिटलेला. एक डोळा किंचित उघडा.

"बोकोबा, बोकोबा, डबा हलेना, कागद निघेना, स्टूल टेकेना, वहिनी चढेना, दिवा बसेना, माळ लागेना, आईला घर सापडेना. तू ऊठ ना."

बोका म्हणाला, "म्हणजे मी उठायचं, आणि तू चकली घेऊन पळायचं."

"नाही रे."

"कशावरून?"

या वेळी मात्र ठिपकी गप्प बसली नाही.  ती वळली. बोक्याकडे पाठ केली. आपलं शेपूट लांब पसरलं.

"हे धर. माळ लागेपर्यंत सोडू नकोस. पळाले, तर ओढ."

बोक्याने दुसराही डोळा उघडला. असं त्याला कोणी कधी म्हटलंच नव्हतं.

धप्प. बोका खाली उतरला. शेपटावर पंजा ठेवला. अलगद.

मग काय?

बोका उठला, डबा हलला. खुळुक.
डबा हलला, कागद निघाला. सर्रर्र, घडी होऊन थेट स्टुलाच्या पायाखाली.
कागद निघाला, स्टूल टेकलं. टक.
स्टूल टेकलं, वहिनी निघाली.

वहिनीने आधी बटण बंद केलं. मग स्टुलावर चढली. वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. कुठे दाताची खूण नाही.

"वायर तर अख्खी आहे," ती म्हणाली. तिने लाल दिवा पिळला. कुर्र कुर्र. "अहो, ही माळ लावली होती कोणी?"

निशांतदादा, म्हणजे वहिनीचा नवरा, एकदम कंदील निरखू लागला.

"मीच. पण दिवे घट्ट बसवले होते मी."

"कशावरून?" वहिनी म्हणाली.

दादा गप्प.

वहिनी खाली उतरली. बटण लावलं. टिक.

लाल, हिरवा, लाल, हिरवा. लुक लुक, लुक लुक. माळ लागली.

आणि कठड्यावरून कोण आलं तुरुतुरु तुरुतुरु? आई. तोंडात शेवेचा चुरा. दारातून आईने ठिपकी पाहिली. बोका पाहिला. बोक्याचा पंजा पाहिला. चुरा पडला खाली.

बोक्याने माळेकडे पाहिलं. मग पंजा उचलला. शेपूट सुटलं.

वहिनीने चकलीचा एक तुकडा कुंडीपाशी ठेवला. "हा तुझा. उगाच आळ घेतला तुझ्यावर." मग ती दोन पावलं मागे सरकली. सवय होईपर्यंत असं चालायचंच.

आई आणि ठिपकी कठड्यावर बसल्या. समोर निळी इमारत. खाली सोनेरी कमान. कुडुम कुडुम चकली. थोडं अंतर ठेवून बोकाही येऊन बसला.

आई हळूच म्हणाली, "ठिपके, हा आपल्याला खाणार नाही कशावरून?"

ठिपकीने शेपूट उचललं. अख्खं शेपूट. हलवून दाखवलं.

"यावरून."