वस्तादांनी काय लपवलं?

घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात एक तालीम होती. तिथे कुस्तीबरोबर लाथेचा खेळही शिकवत. उभ्या उभ्या पाय उचलायचा आणि छातीएवढ्या उंचीवर मारायचा, असा तो खेळ. शिकवणारे दौलती वस्ताद आता थकले होते. त्यांनी गावाला सांगून टाकलं होतं, की यंदाच्या जत्रेत जो लाथेचा खेळ जिंकेल, त्याच्या हाती तालमीची किल्ली द्यायची आणि आपण घरी बसायचं.

किल्लीसाठी दोघे तयारी करत होते. एक हैबती, गावातला सगळ्यात चपळ गडी. दुसरा सिदू, वस्तादांचा सख्खा भाचा. हैबतीचं सगळं दुखणं त्या भाचेपणात होतं. वस्ताद चेल्याला सगळं शिकवतो पण एक डाव स्वतःपाशी राखून ठेवतो, असं तालमीतून नेहमीच बोललं जातं. तो राखलेला डाव मामा भाच्याला देणार, हे हैबतीने मनाशी पक्कं करून टाकलं. पुरावा काही नव्हता, पण त्यावाचून त्याचं अडलंही नाही.

जत्रेला चार महिने होते. पहिल्याच दिवशी वस्तादांनी त्याला एका लाकडी पाटावर एका पायावर उभं केलं.

"आता लाथ मार. पर सावकाश. मी ईस मोजंपातुर पाय वर जायला पायजे, अन् ईस मोजंपातुर खाली."

"वस्ताद, खेळ तर चपळाईचा हाय!"

"म्हणूनच," वस्ताद म्हणाले आणि मोजायला लागले.

दोन महिने हेच चाललं. हैबतीच्या मांड्या भरून यायच्या, घोटे थरथरायचे आणि मनात पाल चुकचुकायची. लाथ वेगाची हवी आणि शिकवायचं हळू मारायला? म्हातारा आपल्याला मुद्दाम मंद करतोय. तिकडे घरी भाच्याला खरी विद्या देत असणार.

एका सकाळी तो वस्तादांच्या परड्यामागे कुंपणाआड जाऊन बसला. आत सिदू पाटावर एका पायावर उभा होता आणि वस्ताद वीसपर्यंत मोजत होते. अगदी तसंच, त्याच चालीने. दुसरा कोणी असता तर लाजून घरी गेला असता. हैबती मनात म्हणाला, 'मी येणार हे ह्यांना आधीच कळलं. मला दाखवायला नाटक चाललंय!' संशयी माणसाचं हे एक बरं असतं. काही सापडलं तरी त्याचं म्हणणं खरं, आणि नाही सापडलं तरी खरंच.

त्या दिवसापासून तो वस्तादांच्या प्रत्येक शब्दाचा उलटा अर्थ लावू लागला. वस्तादांनी पाय तेलाने चोळायला सांगितलं, म्हणून चोळेना. तालमीत पाटावर उभं राहिल्यासारखं करायचा आणि मग रानात जाऊन वाळल्या ज्वारीच्या ताटांवर झपाझप लाथा झाडायचा. पाय सुटायचा भलताच वेगात. दर चौथ्या लाथेला मात्र तो स्वतःच ढेकळांत बसायचा. त्याचा दोष तो ढेकळांना द्यायचा.

जत्रेच्या दिवशी देवळासमोर पाण्याने भरलेलं मडकं छातीएवढ्या उंचीवर टांगलं होतं. पाटील हात उंच करून गाठ मारलेला रुमाल सोडणार आणि तो जमिनीला लागायच्या आत लाथेने मडकं फोडायचं. प्रत्येकाला एकच लाथ. दोघांनीही फोडलं तर रुमालात खडा बांधून पुन्हा.

आधी हैबतीची पाळी होती. वस्ताद जवळ आले आणि हळूच म्हणाले, "उभा पाय ठरू दे. मग दुसरा सोड." मग ते सिदूकडे गेले आणि त्याच्या कानातही काहीतरी बोलले. सिदूने हैबतीकडे एकवार पाहिलं आणि मान डोलावली. हैबतीच्या अंगाचा तिळपापड झाला. झालं! राखलेला डाव दिला, तोही भर चौकात, आपल्या डोळ्यांदेखत!

पाटलांनी रुमाल सोडला. पाय ठरू देण्याची वाट हैबती कशाला पाहतोय? त्याची लाथ इतक्या वेगात सुटली की लोकांना ती धड दिसलीही नाही. पण उभा पाय घसरला. लाथ मडक्याच्या हातभर खालून गेली, हैबती पाठीवर आपटला आणि रुमाल येऊन त्याच्या पोटावर पडला. सारी जत्रा खो खो हसली.

मग सिदू उभा राहिला. त्याची लाथ काही फार वेगाची नव्हती, पण नेमकी बसली. रुमाल जमिनीपासून वीतभर वर असताना मडकं फुटलं. किल्ली सिदूला मिळाली.

हैबती धूळ न झटकताच त्याच्यापाशी गेला. "आता तरी खरं सांग. मामानं कानात काय सांगितलं?"

सिदू ओशाळला. "म्हणाले, हैबतीचा पाय तुझ्याहून चपळ हाय. आज तोच जिंकंल. हरलास तर मन खट्टू करू नगंस, म्होरं हून त्याच्या पाया पड. मी व्हय म्हणलं."

हैबतीने वस्तादांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"एक गोष्ट म्यां तुझ्यापास्नं राखली व्हती, हैबती," ते म्हणाले. "पैल्या दिसापास्नं किल्ली मी तुझीच धरली व्हती. सांगितलं असतं तर मेहनत सोडली असतीस, म्हणून बोललो न्हाई."

हैबतीला भरल्या जत्रेत रडू कोसळलं.

तात्पर्य: गुरूने काय लपवलं हे शोधत बसणारा शिष्य, गुरूने उघड दिलेली विद्याही गमावून बसतो.