आग्या माशा अंगावर घेऊन आलेला हैबती

सह्याद्रीच्या ऐन पोटात टाकेदरा नावाचं गाव आहे. त्या गावाला बैलगाडीची वाटसुद्धा नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. किती पिढ्या झाल्या ते विचारू नका. माझ्या आजीनेही ती तिच्या आजीकडूनच ऐकली होती.

गावामागे एक उभा कडा आहे. त्या कड्याला आग्या माशांची पोळी लटकायची, एकेक पोळं सुपाएवढं. ती मोजायला गेलेला माणूस मान अवघडून परत यायचा, असं म्हणतात. कड्यावरून दोराने उतरून मध काढणारा एकच बहाद्दर गावात होता, हैबती. वाखाचा दोर वरच्या झाडाला बांधायचा, वाळल्या गवताची चूड पेटवायची आणि घारीसारखा खाली उतरायचा. चुडीने माशा भाजून काढायचा आणि अख्खं पोळं कापून टोपलीत टाकायचा. मध, मेण, अंडी, पिल्लं, सगळं एकदमच.

आधीची माणसं वर्षाला चार-दोन पोळी काढत. हैबतीच्या काळात घाटाखालून व्यापारी यायला लागले. मेण द्या, मीठ घ्या. मध द्या, लुगडी घ्या. गाव हरखलं. आणि एका वैशाखात हैबतीने कड्यावरचं शेवटचं पोळंही उतरवलं. खाली ढोल वाजले.

त्याची बायको येसू तेवढी म्हणाली, "आवं, एक तरी ठेवायचं व्हतं."

"अगं, माशीच ती," हैबती हसला. "पुढल्या साली येईल पुन्हा."

आश्विन आला. तेलासाठी पेरलेली खुरासणी फुलली. सगळा डोंगरउतार हळदीच्या पाण्याने न्हाल्यासारखा पिवळा झाला. येसू बांधावर उभी होती. तिने नवऱ्याला हाक मारली.

"ऐका जरा."

हैबतीने कान दिला. "काय ऐकू? काहीच ऐकाय येत नाही."

"तेच म्हणते मी. एवढी फुलं, आन् शेत मुकं!"

पुढे फुलं वाळली. बोंडं हातावर चोळली तर नुसता भुस्सा, दाणा औषधालाही नाही. तेलाचा घाणा बंद पडला. वेलावर भोपळे अंगठ्याएवढे होऊन गळायला लागले. जांभळी फुलल्या, पण फळ धरेना. दरवर्षी जांभळं खायला येणारी हिरवी कबुतरं डोंगरावर एक घिरटी घालून निघून गेली. मग लोकांना कळलं की एक माशी गेली तर ती एकटी जात नाही.

गाव देवळापुढे जमलं. कुणी म्हणालं, देवीचा कोप झाला, बोकड द्या. तेव्हा हैबती उठून उभा राहिला.

"देवीला कशाला नावं ठेवता? हे या हातांनी झालंय. याच हातांनी परत आणतो."

गावचा म्हातारा कान्हू पाटील म्हणाला, "तुझ्या एकट्याचं नाही रे ते. लुगडी आमच्याबी बायका नेसल्या."

पण हैबती निघाला होता. त्याने चूड घेतली नाही, कोयताही घेतला नाही.

तो सात डोंगर फिरला, असं म्हणतात. जिथे जाईल तिथे चुडीने काळवंडलेले, रिकामे कडे. सगळीकडे कुणीतरी आपल्यासारखाच बहाद्दर होऊन गेलाय, हे त्याला दिसलं. तो एकटाच बसून रडला. शेवटी सातव्या डोंगरापलीकडे, जिथे माणसाची वस्ती नव्हती, अशा दरीत त्याला एक जुनी सावर सापडली. तिच्या फांदीला एक पोळं होतं.

हैबती त्या झाडाखाली बसला. माशा त्याला कडकडून चावल्या. तोंड सुजलं, डोळे मिटले. तो म्हणाला, "चावा, बायांनो. तुमचा हक्कच आहे." थंडी पडली, पण धुराने माशा बिथरतील म्हणून त्याने शेकोटी केली नाही. कंदमुळं खाऊन राहिला. उन्हाळ्यात झरे आटले, तेव्हा तो कोसभरावरून पळसाच्या द्रोणात पाणी आणायचा आणि झाडाखाली ठेवायचा. आधी माशा द्रोणातलं पाणी प्यायल्या. मग त्याच्या ओंजळीतलं प्यायला लागल्या.

भाद्रपदात एके सकाळी पोळं हललं. सगळ्या माशा उठल्या, ढगासारख्या फिरल्या आणि हैबतीच्या अंगावर बसल्या. ओठांपासून गुडघ्यापर्यंत कातडीचा तसूभर भाग दिसेना. तो उभा राहिला आणि घराकडे चालू लागला. तीन दिवस तो चालला. बसला नाही, बोलला नाही, असं म्हणतात.

इकडे गावाने त्याला मेला असं धरलं होतं. उरलंसुरलं बियाणं पेरलं होतं, ते नुकतं फुलायला लागलं होतं. तेही फोल गेलं असतं तर पुढल्या साली पेरायला मूठभर दाणाही उरला नसता. अशात येसूला पायवाटेवरून एक काळी घोंगडी चालत येताना दिसली. तिने चाल ओळखली.

"चुली इझवा!" ती ओरडली. "कुणी धूर करू नका. माझा मालक आलाय!"

चुली विझल्या. माणसं दारात थिजून उभी राहिली. येसू तांब्या घेऊन पुढे झाली. तिने तो नवऱ्याच्या ओठांपाशी नेला, तशा ओठांवरच्या माशा बाजूला झाल्या. हैबती पाणी प्यायला, कड्याखाली गेला आणि त्याने दोन्ही हात पसरले. माशा उठल्या आणि कड्याला जाऊन लागल्या. थोड्याच दिवसांत शेतं अशी घुमायला लागली की कान्हू पाटील बांधावर बसून लहान पोरासारखा रडला. त्या साली खुरासणीची बोंडं दाण्यांनी फुटायची तेवढी बाकी राहिली होती.

त्यानंतर हैबतीने पुष्कळ वर्षं मध काढला, पण चूड कधी पेटवली नाही. ओल्या पाल्याचा थोडा धूर द्यायचा, मधाचा भाग कापायचा आणि पिल्लांचा भाग जागेवर ठेवायचा. दोन पोळ्यांतलं एक तर शिवायचंच नाही. तो गेला त्या दिवशी माशा कड्यावरून उतरल्या आणि त्याच्या तिरडीवर बसून राहिल्या. खांदा देणाऱ्या चौघांपैकी एकालाही चावल्या नाहीत, असं म्हणतात.

टाकेदऱ्याचे लोक आजही त्याचं नाव हात जोडून घेतात. माशा कड्यावर परतल्या की बायका दगडी डोणीत पाणी भरतात आणि माशा बुडू नयेत म्हणून त्यात गवताच्या काड्या टाकतात. घाण्याचं पहिलं तेल हैबतीबाबाच्या दिव्यात जातं. हल्ली शेतांवर फवारणीचं औषध आलंय, पण फुलं गळून पडेपर्यंत बाटलीचं बूच उघडायचं नाही, असा गावाचा शिरस्ता आहे. बाहेरून आलेला जावईसुद्धा तो मोडत नाही.

आणि वैशाखात दोरावरून उतरलेला माणूस आपला वाटा कापून झाला की वर बघून हाक देतो, "हैबतीबाबा, आम्हाला एवढं मिळालं!"

वर दोर धरून उभी असलेली सगळी माणसं एका आवाजात म्हणतात, "पुरे!" आणि त्याला वर ओढून घेतात.