वीतभर लांब घोंगडी

फार मागची गोष्ट आहे, बाळांनो. पावसाळा सरला तरी गारठा हलत नसे, अशा एका डोंगरातल्या गावात सटवा नावाचा विणकर राहायचा. घोंगड्या विणायचा. त्या गावची एक रीत होती. जो पांघरणार त्याला समोर उभं करायचं, खांद्यापासून पायापर्यंत माप घ्यायचं, आणि मगच मागावर लोकरीचं सूत चढवायचं. माप घेता घेता सटवा विचारायचा, "मेंढरं कुठवर नेतोस रं? उघड्यावर निजतोस का?" मग तशी वीण घट्ट धरायचा.

त्याच्या समोरच्या घरात म्हाकू राहायचा. हा मेंढपाळ, आणि मेंढरांवर त्याचा जीव. पण एका जत्रेत गावानं सटवाला मानाचं पागोटं बांधलं, आणि म्हाकूच्या पोटात दुखायला लागलं. घरी येऊन बायकोला म्हणाला, "उद्यापासून मेंढरांमागं लेक जाईल. मी माग मांडतो."

"तुम्हाला विणायची आवड कधी लागली?"

"आवडीचं काय घेऊन बसलीस? त्याच्या डोक्यावर पागोटं, मग माझ्या डोक्याला काय झालंय?"

"टक्कल पडलंय," बायको म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

हात मात्र चांगला होता त्याचा, खोटं कशाला बोलू. भराभर शिकला. पण माप त्यानं कधी माणसाचं घेतलं नाही. ओसरीवर बसून समोर बघायचं, सटवाची घोंगडी किती लांब झाली ते नजरेनं ताडायचं, आणि आपली त्याहून वीतभर लांब विणायची. बुटक्या गिऱ्हाइकाची घोंगडी चिखलातून फरफटायची. तरी लांबी बघून लोक नावाजायचे, आणि पुढच्या जत्रेत पागोटं म्हाकूला मिळालं.

सटवा म्हणाला, "बरं झालं, म्हाकू. आता एक लेकीसाठी वीण. पोर पोतं पांघरून डोंगर चढते."

"विणीन की, दादा. आधी तुझ्या मागावरची किती होते ते बघू दे."

त्या उन्हाळ्यात सटवा गेला. समोरचा माग बंद पडला.

लोकांना वाटलं, आता म्हाकू दुप्पट विणेल. कसलं काय. तो मागावर बसायचा, आडव्या सुताचा धोटा हातात घ्यायचा, आणि रिकाम्या ओसरीकडं बघत राहायचा. किती विणायचं, कशाला विणायचं, काही उमगेना. हात मांडीवर पडून राहायचे.

थंडी तोंडावर आली. लेक मागापुढं ताठ उभी राहिली. "आबा, माझं माप घ्या. वरच्या कुरणात जायचंय."

"घेतो गं. आज मन लागत नाही."

दुसऱ्या दिवशीही लागलं नाही. बायको म्हणाली, "मेलेल्या माणसाशी शर्यत लावलीय होय? जिती पोर समोर उभी आहे."

खाली चारा उरला नव्हता, मेंढरं ओरडत होती. पोर पोतं घेऊनच वर गेली.

डोंगरावर गारा झोडपून पडल्या. मेंढरं तिनं सुखरूप खाली आणली, आणि स्वतः ताप घेऊन आली. ताप उतरला, पण छातीतला खोकला गेला नाही. वैद्य म्हणाला, "हिला आता डोंगर नको." मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करावी लागली. मेंढरं जाताना पोरीनं भिंतीकडं तोंड केलं.

मग म्हाकूनं माप घेतलं. अंथरुणावर पडलेल्या लेकीचं, खांद्यापासून टाचेपर्यंत. अशी घट्ट, अशी उबदार घोंगडी त्यानं जन्मात विणली नव्हती. विणताना एकदाही समोर बघितलं नाही. लेकीनं ती अंगावर ओढून घेतली.

"चांगली झालीय, आबा," ती म्हणाली. "आता मला जायचं कुठं आहे पण?"

पुढं म्हाकू म्हातारा होईस्तोवर विणत राहिला, आणि घरातून खोकला ऐकू येत राहिला.

म्हणून सांगते, कुणाला मागं टाकायला काम धरू नका. ज्याला त्या कामाची गरज आहे, त्याच्याकडं बघून धरा, आणि वेळेत धरा.