वेल धरणारी ठकूआत्या

फार वर्षांपूर्वी आमच्या पांगारवाडीत द्राक्षाला लोखंडी अँगल नव्हते की तारा नव्हत्या. तेव्हा वेल चढायचा तो पांगाऱ्यावर. वेल लावला की शेजारी पांगाऱ्याची फांदी रोवायची, फांदीला हळद आणि वेलाला कुंकू लावायचं, अन् दोघांचं लगीन लावून द्यायचं. मग ते दोघं जोडीनं वाढायचे.

त्या काळी गावात ठकूआत्या राहायची. नवरा लवकर गेला, म्हणून ती माहेरी आली आणि बापाची बारा वेलांची बाग सांभाळू लागली. गावची लेक, म्हणून सगळे तिला आत्याच म्हणायचे. तिच्या हाताला गुण होता. तिनं छाटलेल्या काडीला दोन घड जास्त लागायचे, असं म्हणतात. वेलांशी ती पुष्कळ बोलायची. माणसांशी कामापुरतं.

एका वर्षी पाऊस कमी झाला आणि विहिरी तळाला गेल्या. रंगनाथ पाटलांनी पारावर लोक जमवले. म्हणाले, "पांगारा आपलं पाणी पितोय आणि आपण त्याला जावयासारखं पोसतोय. काढा सगळे. त्यांच्या जागी सागाच्या मेढी रोवा. मेढ पाणी मागत नाही."

आत्या म्हणाली, "सावलीही देत नाही, रंगनाथा."

"आत्या, तुझे बारा जावई तू सांभाळ. आम्ही आमचे घरी पाठवतो!"

सगळा पार हसला. आत्या उठून बागेत गेली. पंधरा दिवसांत गावात तिचे बारा सोडून एक पांगारा उरला नाही. पुन्हा फुटायला नको म्हणून लोकांनी मुळंसुद्धा खणून काढली.

मग चैत्र आला. छाटणी झाली, वेलांना लेकराच्या बोटांसारखे कोवळे फुटवे आले. पुढच्या वर्षीचा घड ह्याच फुटव्यात झोपलेला असतो. आणि नेमका तेव्हा वारा सुटला. चुलीच्या तोंडातून यावा तसा वारा. मेढी इतक्या तापल्या की वेल टेकला तिथं पोळायचा. तीन दिवसांत फुटवे काळे पडले. आणखी आठ दिवस असंच राहिलं तर वेल बुंध्यापर्यंत वाळणार आणि आजे-पणजांनी लावलेल्या बागांचं सरपण होणार, हे सगळ्या गावाला दिसत होतं. हिरवे होते ते फक्त आत्याचे बारा वेल.

पाटील तिच्या बांधावर येऊन उभे राहिले. आत्या म्हणाली, "उन्हात का उभा? आत ये, सावलीला."

पाटील आत आले आणि खाली बघत म्हणाले, "आत्या, फांद्या देशील? पण चैत्रात रोवलेली फांदी जगते का गं?"

"मला काय ठाऊक? तिलाच विचारून बघू."

आत्यानं कोयता घेतला आणि स्वतः झाडांवर चढली. पांगाऱ्याला काटे असतात. तिचे हात कोपरापर्यंत रक्तानं भरले, पण ती थांबली नाही. दहा झाडं बोडकी झाली तेव्हा बायका म्हणाल्या, "आत्या, दोन तरी ठेव गं तुझ्या वेलांना."

"दोन ठेवली तर चार घरं मागं राहतील," ती म्हणाली, आणि अकराव्या झाडावर चढली.

ती प्रत्येक बागेत गेली. फांदी रोवायची, वेल तिच्याभोवती गुंडाळायची आणि म्हणायची, "धर गं बाई." ती पुढच्या बांधावर पोचेपर्यंत मागच्या फांदीला पान फुटलेलं असायचं, असं म्हणतात. चौथ्या दिवशी गावात वेलागणिक सावली झाली.

आत्या घरी आली तेव्हा तिचे अकरा वेल वाळले होते. बारावा, बापानं लावलेला, मान टाकून पडला होता. आत्यानं डोक्यावरचा पदर सोडला, हात आडवा केला, वेल हातावर घेतला आणि स्वतःच्या अंगाची सावली त्याच्यावर धरून उभी राहिली.

लोक पाणी घेऊन आले. पाटलांनी पाय धरले. "आत्या, आता बस. मी धरतो."

"तुझी बाग बघ जा. नवी फांदी आहे, हलू देऊ नकोस."

सात दिवस ती उभी होती, असं म्हणतात. आठव्या दिवशी वारा पडला. लोक धावत आले तर वेल हिरवागार, आणि आत्या नाही. तिच्या जागी पांगारा उभा होता, एक फांदी आडवी पसरलेला, भर वैशाखात लाल फुलांनी भरलेला. काही जण म्हणतात, तिला तिथंच अग्नी दिला आणि झाड मागून उगवलं. म्हणोत बापडे. मला पहिलंच खरं वाटतं.

आता गावात लोखंड आलं, तारा आल्या, आणि निम्मी द्राक्षं टेकडीवरच्या वाइनच्या कारखान्यात जातात. पण नव्या बागेतल्या पहिल्या वेलाला पहिल्या दिवशी अँगल देत नाहीत. घरातलं वडीलधारं माणूस उघड्या डोक्यानं उन्हात उभं राहतं, हात आडवा धरतं, आणि वेलाचा शेंडा त्या हातावर ठेवतात.

मागल्या साली कारखान्यावर इटलीचा एक म्हातारा पाहुणा आला होता. चार पिढ्यांचा वाइनवाला. त्यानं हे पाहिलं आणि दुभाष्याकडून सांगितलं की त्याच्या मुलखातही जुने लोक वेलाचं झाडाशी लगीन लावायचे. मग त्यानं टोपी काढली, बाही वर सारली आणि आमच्या वेलांच्या रांगेत येऊन हात आडवा धरला. आम्ही शेजारच्या वेलाचा शेंडा त्याच्या हातावर ठेवला. ऊन फार होतं. तो घामानं निथळत होता, तरी त्याला कुणी हात खाली घ्या म्हणालं नाही. आमच्यात तसं सांगत नाहीत. ज्यानं वेल धरलाय, कधी सोडायचा ते त्यानंच ठरवायचं.