शेवंताबाईंचं नाव

“सर, हे अक्षरं निवडणं संपणार कधी?”

मृदुलानं खुर्ची मागं सारत विचारलं. उदगीरच्या वाचनालयाच्या माडीवर मुजावर सर जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायचे. इंग्रजी वाक्य घ्या, एकेक चिन्ह तपासा, अक्षर असेल तर ठेवा, नसेल तर गाळा. इंजिनिअरिंगच्या मुलीला हा पोरखेळ वाटत होता.

“झालं का?” सरांनी विचारलं.

“केव्हाच. मला खरं काम द्या सर. नाहीतर उद्यापासून मी येत नाही.”

सर म्हणाले, “खालच्या साक्षरता वर्गातल्या बायकांना आज प्रमाणपत्रं द्यायचीत. आपापली नावं त्यांनी स्वतः टाइप केलीत. हात नवे... मध्येच टिंबं पडलीत, आकडे पडलेत. नावं स्वच्छ कर आणि छाप.”

मृदुलाला हसूच आलं. सकाळचाच प्रोग्रॅम तिनं नावांवर चालवला. प्रिंटर घरघरला. गठ्ठा सरांच्या पुढ्यात ठेवून ती मोबाइल काढून बसली.

“पाहिलंस?”

“त्यात काय पाहायचं? एरर आली नाही.”

सरांनी वरचा कागद उचलून तिच्या हातात दिला.

“हाक मार.”

“काय?”

“जिचं प्रमाणपत्र आहे तिला हाक मार. खाली ऐकू जाईल अशी.”

मृदुला उठून जिन्याच्या तोंडाशी गेली. तिनं श्वास घेतला, कागदावर नजर टाकली... आणि तोंड उघडंच राहिलं.

कागदावर छापलं होतं, ‘शवत’.

दुसरा कागद पाहिला. ‘गरजबई’. तिसरा, ‘मकत’.

शेवंता. गिरिजाबाई. मुक्ता.

तिचे कान तापले. साठीला आलेल्या शेवंताबाई आपल्या नावावर बोट ठेवून ते कसं वाचतात, हे तिनं येता-जाता कितीदा पाहिलं होतं. ती धावतच कॉम्प्युटरपाशी आली. सकाळी इंग्रजी शब्दांवर बिनचूक चाललेला प्रोग्रॅम तोच होता, एक ओळही बदललेली नव्हती. तिनं स्वतःचं नाव टाकून पाहिलं.

पडद्यावर आलं, ‘मदल’.

“यंत्राला काय विचारलंस?” सर मागं येऊन उभे होते.

“दर चिन्हाला एकच... हे अक्षर आहे का?”

“उकाराला विचारलंस तेव्हा?”

“नाही म्हणालं. कान्याला नाही, मात्रेला नाही, अनुस्वारालाही नाही...” ती चाचरली. “पण सर, यंत्राचं चुकलं नाही. नुसता उकार म्हणजे अक्षर नव्हेच.”

“नव्हेच,” सर म्हणाले. “मग तुझ्या नावातून गेलं कोण?”

मृदुलानं ‘मदल’च्या शेजारी आपलं पूर्ण नाव टाइप केलं आणि गळालेली एकेक खूण मोजली.

मग ती प्रोग्रॅमकडे वळली. अक्षराच्या अटीशेजारी तिनं दुसरी अट लिहिली, अक्षराला लागून येणाऱ्या खुणाही ठेवायच्या. प्रोग्रॅम चालवला. या वेळी तिनं प्रिंटरला हात लावला नाही. एकेक नाव पडद्यावर आणलं, ओठ हलवत वाचलं, टाइप केलेल्या नावाशी ताडून पाहिलं, मगच पुढं गेली. मुक्तामधला जोड शाबूत होता. शेवंताच्या डोक्यावर टिंब होतं. मन लावून इतकं हळू तिनं आजवर काही वाचलं नव्हतं, आणि नवल म्हणजे तिला कंटाळा आला नाही.

छापून झालं तेव्हा जिन्यावर बांगड्यांचा आवाज येऊ लागला होता. कुणीतरी हसत होतं, कुणीतरी गप्प बसा गं म्हणत होतं.

मृदुलानं गठ्ठा दोन्ही हातांनी सरांपुढं धरला.

“सगळी नावं पाहिली सर. आता बरोबर आहे ना?”

सरांनी गठ्ठ्याला हात लावला नाही.

“मला काय विचारतेस पोरी? वाचणाऱ्या वर येतायत. दार उघड.”