टिटवीचं वाकण

आमच्या करंजवंडच्या बागेचं कुंपण तीन बाजूंनी अगदी सरळ आहे. चौथ्या, नाल्याकडच्या बाजूला मात्र ते अचानक बाहेर वळतं आणि थोडं पुढे जाऊन गुमान परत रेषेत येतं. पाहुणे हसतात. एकाने तर मला विचारलं होतं, "काका, कंत्राटदार पिऊन आला होता का?" या, त्या कट्ट्यावर बसा, सांगतो. कंत्राटदाराचा यात काही दोष नाही. ते वळण या इमारतींच्या, रस्त्याच्या, माझ्या आजोबांच्याही आधीचं आहे. आम्ही त्याला टिटवीचं वाकण म्हणतो.

तेव्हा ही बाग नव्हती, गोठण होती. दुपारी गावाची गुरं इथे झाडांखाली येऊन बसायची. नाल्यापलीकडे टेंभुर्ले गाव. आता तिथे उंच उंच संकुलं झालीत, पण गाव जुनं. टेंभुर्ल्याच्या लोकांचं म्हणणं, गोठण आमच्या शिवेत येते, आम्ही ती नांगरणार. गोठण गेली तर करंजवंडची गुरं उन्हात उभी राहणार, म्हणजे दूधदुभतं संपलं. भांडण काठ्यांवर आलं, तेव्हा जुन्या रीतीने शीव चालायची असं ठरलं.

ती रीत अशी होती म्हणे. एका माणसाने डोक्यावर शिवेची माती घ्यायची आणि खरी हद्द चालून दाखवायची. थांबायचं नाही, बोलायचं नाही, मागे बघायचं नाही. तो चालेल ती शीव. मात्र दसऱ्यापर्यंत त्याच्या घरात कुणाचं काही बरंवाईट झालं, तर तो खोटं चालला असं धरायचं आणि जागा समोरच्या गावाची.

करंजवंडमधून कुणी पुढे होईना. शेवटी मालू गुराखी उठला. त्याची सून सगुणा तेव्हा पोटुशी होती आणि तिचं पहिलं मूल जन्मतःच गेलं होतं. घरच्यांनी त्याचे पाय धरले. पण शीव पायाखालची होती ती त्याच्याच, आणि गुरांवर त्याचा फार जीव.

चैत्रातल्या सकाळी मालू माती घेऊन निघाला. मागे दोन्ही गावं. नाल्याजवळ आला तर समोर टिटवी ओरडत उठली. मालूच्या नजरेस पडली ती उघड्या जमिनीवरची अंडी, बरोबर शिवेवर. आपण पाय जपून टाकू, पण मागून येणाऱ्या दोन गावांचं काय? बोलायची बंदी. आतल्या अंगाला करवंदीची दाट जाळी. मालू बाहेरून वळला, टेंभुर्ल्याच्या जमिनीतून, आणि अंड्यांना वळसा घालून पुन्हा रेषेत आला. लोक त्याच्या पावलावर पाऊल टाकत गेले. अंडी वाचली.

पण डोक्यावर माती घेऊन तो दुसऱ्याच्या जमिनीतून चालला होता, आणि वर टिटवीचं ते अशुभ ओरडणं. दोन्ही गावांत एकच चर्चा, मालूचं घर आता बसतं. मालू अंधारातच गुरं घेऊन बाहेर पडायचा. सुनेकडे बघायचंही त्याला धाडस होईना, असं सांगतात. त्याची मला फार दया येते.

भाद्रपदात सगुणेला कळा लागल्या. दिवस वर आला, कलला, तरी सुटका होईना. दोन्ही गावांना मिळून सुईण एकच, ठकूबाई, आणि ती टेंभुर्ल्याची. नाला दुथडी भरलेला. मालूच्या मुलाने अलीकडच्या काठावरून हाका मारल्या.

टेंभुर्ल्याचे चार शहाणे हैबतराव पाटलांकडे गेले. "पाटील, आपण काहीच करायचं नाही. ठकूबाईला नुसती घरी बसवा. गोठण आपली."

हैबतराव चैत्रातल्या त्या सकाळी मालूच्या लगोलग मागे चालत होते. तो का वळला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"अरे, त्यानं पाखराच्या अंड्यांपायी सोन्यासारख्या घरावर संकट घेतलं," ते म्हणाले, "आन् आपण बाईमाणूस मारून जमीन घ्यायची? तसली गोठण नांगरून पिकंल काय तिथं?" आणि ते तडक ठकूबाईच्या दारात गेले. "ठकूबाई, पदर खोच. मी येतो संगट."

नाल्यावर दोर बांधला. छातीभर पाण्यातून पाटलांनी स्वतः ठकूबाईला अलीकडे आणलं. उन्हं उतरायच्या आत मालूच्या घरातून मूल रडल्याचा आवाज आला. मुलगी झाली होती आणि सगुणा शुद्धीवर होती. अंगणात बसलेला मालू ओक्साबोक्शी रडला.

मग तो हात जोडून पाटलांपुढे उभा राहिला. "वाकणातली जमीन तुमची हाये. मी तिच्यातनं चाललो. शीव सरळ करून घ्या."

"ऱ्हाऊ दे तशीच," पाटील म्हणाले. "तेवढी दोन्ही गावांची."

नातीला पहिल्यांदा बाहेर काढलं तेव्हा मालू तिला वाकणावर घेऊन गेला आणि ठकूबाईच्या हातात दिलं. दसराही सुखाने पार पडला. तेव्हापासून ही चाल पडली. बाळ पहिल्यांदा घराबाहेर आलं की वाकणावर आणायचं आणि नाल्यापलीकडच्या कुणाच्या तरी हातात द्यायचं. आमच्याकडे टिटवी ओरडली तर म्हाताऱ्या बायका म्हणतात, कुणीतरी सुखरूप सुटली.

आजही हे चालतं, आणि फ्लॅटमधली मंडळीही करतात. परवाचीच गोष्ट. एक मुलगी एकटीच बाळ घेऊन आली. नवरा बोटीवर नोकरीला, सासर-माहेर लांब, बाळ काही दिवस काचेच्या पेटीत होतं म्हणाली. शेजारणीने चाल सांगितली म्हणून आली, पण पलीकडचं तिच्या ओळखीचं कुणी नव्हतं. मी अलीकडचा, माझा काय उपयोग? एवढ्यात बूट घालून भरभर चालणाऱ्या एक बाई थांबल्या. घाम पुसला, ओढणीला हात पुसले आणि म्हणाल्या, "द्या इकडे. मी पलीकडचीच." त्या मुलीने बाळ दिलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, रिकाम्या हातांनी, कट्ट्याला टेकून बसली.